आवाज कोठें अडला?

घरांतली एखादी वस्तु बिघडली, कीं माणसाचा स्वभाव बाहेर पडतो. कोणी ती वस्तु आपटून पाहतो. कोणी तिला शेवटचा हात कोणाचा लागला याची चौकशी सुरू करतो. आणि कोणी, माझ्यासारखा, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती उघडूनच बसतो. तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविल्यामुळें, जें जें उघडतां येतें तें तें आपणांला समजतें, असा माझा एक सुखाचा समज होता. गेल्या आषाढांत एका लहानशा डब्यानें तो पुरता उतरविला.

हा डबा मीच केलेला. माझी आई आतां ८६ वर्षांची आहे. तिचे कान गेलीं सात-आठ वर्षें मंद होत चालले आहेत. विकत मिळणारें कानांतलें यंत्र तिनें महिनाभर वापरून पाहिलें, आणि ‘यांतून भांडीं फार बोलतात, माणसं बोलत नाहींत,’ असा अभिप्राय देऊन तें डबींत ठेवून दिलें. तेव्हां मीं काजूच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत तिच्यासाठीं एक छोटा ॲम्प्लिफायर बसविला. आमच्या चंदगड तालुक्यांत काजूला तोटा नाहीं. त्यामुळें डब्यालाहि नाहीं. आंत एलएम ३८६ नांवाची आठ पायांची एक चिप, चार-पांच कंडेन्सर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि हाताच्या तळव्यांत मावेल एवढा एक स्पीकर. एका बाजूच्या भोंकांतून बाहेर आलेल्या वायरीच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा माइक, आणि दुसऱ्या बाजूस आईच्या कानांवर बसणारा हेडफोन. हेडफोन उपटला, कीं डब्यांतला स्पीकर चालू व्हावयाचा. बोलणारानें माइक तोंडाशीं धरावा व साध्या आवाजांत बोलावें. आईला सारें ऐकूं येई. दोन वर्षें आमच्या घरांतलें तिच्याशीं होणारें सर्व संभाषण ह्या डब्यांतून चाललें होतें. कोणी जवळ जाऊन बसलें, कीं ती म्हणे, ‘डबा आण, मग बोल.’

आवाज मोठा करणें ही क्रिया वाटते तितकी सरळ नाहीं. बारीक आवाज फुगवून मोठा करतां येत नाहीं. आपल्या बोलण्यानें माइकच्या तारेंत अगदीं क्षीण विद्युत्प्रवाह थरथरतो, आणि ती थरथर बॅटरींतून वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहाचा नळ उघडते-मिटते. ऐकणाराच्या कानीं पडतें तें बळ बॅटरीचें असतें. बोलणाराचा असतो तो केवळ आकार. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्टनें कांचेच्या नळींत असा नळ बसविला. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत बार्डीन आणि ब्रॅटन यांनीं तेंच काम जर्मेनियमच्या कणाकडून करून घेतलें, आणि त्याला पुढें ट्रान्झिस्टर हें नांव मिळालें. आज हरभऱ्याच्या डाळीहून लहान अशा तुकड्यावर असे कितीतरी नळ शेजारीं शेजारीं नांदतात. आईच्या डब्यांतल्या चिपेंत तेच होते.

ती गोष्ट एका सोमवारची. आषाढ लागून आठवडा झाला होता. पारगडच्या बाजूनें ढग एकदां घाट चढून आले, कीं चंदगडाला आकाश म्हणून कांहीं उरत नाहीं. ताम्रपर्णी तांबडी होऊन फुगते, नाचणीचीं रोपें पाण्यांत उभीं राहतात, आणि घरांतले कपडे, काड्यापेट्या व माणसें सारखींच सादळतात. सकाळींच बेळगांवहून फोन आला. माझी धाकटी मावशी, आईची पाठची बहीण, हिला आदल्या रात्रीं छातींत दुखूं लागल्यामुळें इस्पितळांत नेलें होतें. मीं डबा आणला, हेडफोन आईच्या कानांवर बसविला, आणि माइक तोंडाशीं धरून शक्य तितक्या हळुवारपणें ती बातमी तिला सांगितली. माझें बोलणें संपेपर्यंत आई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मान हलवून हसली आणि म्हणाली, ‘बरं झालं हो. देव पावला.’

मी चरकलों. पुन्हां सांगितलें. पुन्हां तेंच हसणें. डब्यावरचा तांबडा दिवा लागलेला होता; म्हणजे डबा चालू होता. माझी पत्नी दारांत उभी राहून पाहत होती. ती हळूच म्हणाली, ‘आतां कान अगदींच गेले वाटतं.’ मलाहि तसेंच वाटलें. कागदावर लिहून दाखवावें, तर मोतीबिंदूमुळें आईचें वाचन केव्हांच सुटलेलें. कानाशीं तोंड नेऊन ओरडावें, तर असली बातमी ओरडून कशी सांगावयाची? मीं हेडफोन काढून ठेवला, आणि मावशीचें आजारपण माझ्यापाशींच राहिलें.

तेवढ्यांत आमचा दहा वर्षांचा नातू म्हणाला, ‘आजोबा, पणजी शुक्रवारपासून सगळ्यालाच हो म्हणते. मी तिला विचारलं, तुला वाघ हवा का? तरी हो म्हणाली.’

त्याच्या आईनें त्याला दटावलें. पण माझ्या मनांत तें बोलणें रुतून बसलें. शुक्रवार ते सोमवार. घरांत मी, पत्नी, मुलगा आणि सून अशीं चार मोठीं माणसें. प्रत्येकजण दिवसांतून दहा वेळां आईपाशीं जातो. मग चार दिवस हें कोणाच्याच लक्षांत कसें आलें नाहीं? विचार करतां करतां उत्तर सांपडलें, आणि तें सुखाचें नव्हतें. आम्ही तिच्याशीं काय बोलत होतों? जेवलीस का? औषध घेतलंस का? आतां निजतेस का? ह्या सर्व प्रश्नांना ‘हो’ एवढें उत्तर पुरतें. ऐकूं आलें नाहीं तरी पुरतें. तिला वाघाचा प्रश्न विचारणारा घरांत एकच होता.

रात्रीं मीं डबा घेऊन बसलों, तेव्हां आणखी एक गोष्ट दिसली. आवाजाचें बटण आम्ही नेहमीं निम्म्यावर ठेवतों. तें शेवटच्या टोकाला जाऊन टेकलें होतें. तें फिरविणारें आईवांचून दुसरें कोणी नव्हतें. आवाज येईनासा झाला तेव्हां तिनें आपल्यापुरतें बटण फिरवून पाहिलें असलें पाहिजे, पुरतें फिरविलें, आणि तरीहि कांहीं ऐकूं येईना, तेव्हां आपल्या कानांचा निकाल तिनें स्वतःच लावून टाकला असला पाहिजे. कोणाला एक अक्षर न सांगतां ती आमच्याकडे पाहून हसूं लागली होती.

डबा बिघडला असेल तर तिचे कान अजून आहेत. डबा ठीक असेल तर तिचे कान गेले. इतकी साधी ती परीक्षा होती. एखादें यंत्र बिघडलेलें निघावें अशी इच्छा मीं आयुष्यांत त्या रात्रीं प्रथमच केली.

पावसानें वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडांत मीं हेडफोन उपटून स्पीकर चालू केला आणि माइकमध्यें बोललों. स्पीकर गप्प. माझा जीव भांड्यांत पडला. मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची जी एक जुनी युक्ति आहे ती केली. ॲम्प्लिफायर जागा असेल, तर त्याच्या प्रवेशाच्या पायाला बोट लावतांच स्पीकर घूंऽऽ असा गुणगुणतो. मीं बोट लावलें. गुणगुणणें नाहीं, नुसता एक बारीक टक झाला, तोहि मला भासच वाटला. झालें! चिप जळाली, असा निकाल मीं तेथल्या तेथें दिला. ह्या निकालांत एक सोय होती, हें आतां कबूल करावयास हवें. डब्यांत तेवढी चिपच मीं केलेली नव्हती; बाकी सारे कथलाचे डाग माझ्या हातचे होते.

मंगळवारीं सकाळच्या एस्. टी.नें मी बेळगांवला गेलों. आमचा चंदगड तालुका १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेच्या वेळीं बेळगांव जिल्ह्यांतून निघून कोल्हापूर जिल्ह्यांत आला. पण माणसांच्या सोयरिकी आणि बाजारहाट यांना सरकारी हुकूम पोंचत नाहीं. आमच्या कितीतरी घरांच्या लेकी-सुनांची दुसरी बाजू अजून बेळगांवांतच आहे. मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, धोका टळला आहे. तिनें माझा हात धरला आणि पहिला प्रश्न केला, ‘ताईला सांगितलंस? ताई काय म्हणाली?’

ताई काय म्हणाली होती तें मी तिला सांगूं शकलों नाहीं. ‘तिला फार काळजी लागलीय,’ असें कांहींतरी पुटपुटलों, आणि परततांना एका दुकानांतून नवी चिप घेऊन घरीं आलों.

चिप खोबणींत बसविलेली असल्यामुळें ती बदलणें दोन मिनिटांचें काम. बदलली. दिवा लागला. माइकमध्यें बोललों. नव्या चिपेचें मौन जुन्या चिपेहून तिळभरहि वेगळें नव्हतें.

तेव्हां मात्र मला माझीच लाज वाटली. शाळेंत मुलांना मी काय सांगत होतों? अंदाज करूं नका; मोजा. जें ठीक आहे अशी खात्री पटली तें बाजूला ठेवा, आणि उरलेल्याचे पुन्हां दोन भाग करा. रस्त्यांत कोठें दरड कोसळली आहे हें पाहावयाचें असेल तर पहिल्या मैलापासून चालत जाण्यापेक्षां मध्यावर जाऊन उभें राहावें. म्हणजे अर्धा रस्ता एकाच फेरींत निकालांत निघतो. हें सर्व फळ्यावर लिहून देणारा मी, स्वतःच्या आईच्या वेळीं अंदाज करून मोकळा झालों होतों.

संध्याकाळीं वीज परत आली होती. मीं मीटर काढला आणि क्रमानें बसलों. तांबडा दिवा लागतो याचा अर्थ एवढाच, कीं दिव्याला वीज मिळते. चिपेच्या सहाव्या पायावर मोजलें: ८.६ व्होल्ट. बॅटरी ठीक. ह्या जातीच्या चिपेचा एक चांगला गुण आहे. ती शाबूत असली, तर तिचा पांचवा पाय, म्हणजे जेथून आवाज बाहेर पडतो तो, बॅटरीच्या बरोबर निम्म्याच्या आसपास स्वस्थ उभा राहतो, म्हणजे थरथरीला वर आणि खालीं सारखीच जागा मिळते. तेथें मोजलें: ४.३. चिपेची प्रकृति उत्तम. स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकविला. खट् असा स्वच्छ आवाज आला. स्पीकरहि ठीक. मग पुन्हां बोट लावलें, आणि डबा घूंऽऽ करून मोठ्यानें गुणगुणला!

मी बोट तसेंच ठेवून बसलों. कालहि तेंच बोट होतें, तोच पाय होता. जुनी चिप परत बसवून बोट लावलें. तीहि तितक्याच मोठ्यानें गुणगुणली. मग काल ती गप्प कां होती? कारण काल घरांत वीजच नव्हती. बोटानें ऐकूं येणारी ती गुणगुण डब्याची नव्हे. भिंतींतल्या तारांमधून सेकंदाला पन्नास वेळां उलटसुलट वाहणारी वीज आपलें शरीर हवेंतून टिपून घेतें, तिची ती असते. वीज गेलेली असतांना तिची गुणगुण ऐकूं पाहणें, म्हणजे ओसाड देवळांत कान देऊन आज भजन कां नाहीं असें विचारण्यासारखें आहे. ऐकण्यासारखें कांहीं नव्हतें म्हणून डबा गप्प होता. आणि मीं त्याला मुका ठरविलें होतें.

येथवर आल्यावर अर्धा रस्ता मोकळा झाला. चिपेपासून आईच्या कानापर्यंत कोठेंहि अडथळा नव्हता. उरला तो दुसरा अर्धा. बोलणाराच्या तोंडापासून चिपेपर्यंतचा.

डब्यांतला माइक इलेक्ट्रेट जातीचा आहे. बेल प्रयोगशाळेंतच गेऱ्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनीं १९६२ सालीं तो काढला. त्यांत विजेचा कायमचा भार धरून ठेवणारा एक पातळ पापुद्रा असतो, आणि त्याच्या मागें एक इवलासा ट्रान्झिस्टर. त्या ट्रान्झिस्टरला जगण्यापुरती वीज बॅटरींतूनच एका रोधकामार्फत पुरवावी लागते. प्रवाह चालू असला, कीं वाटेंत कांहीं व्होल्ट खर्च होतात आणि माइकच्या टोकाशीं माझ्या डब्यांत पांच-सहा उरतात. मीं मोजलें. तेथें सबंध ८.६ होते. वाटेंत कांहींच खर्च होत नव्हतें, म्हणजे पलीकडे घेणारा कोणी नव्हता. मीं माइकची वायर भोंकापाशीं दोन बोटांनीं हळूच वांकविली. स्पीकर खरखरला, क्षणभर माझ्या श्वासाचा आवाज आला, आणि पुन्हां शांत.

तार तुटली होती. बाहेरून पाहतां कांहीं दिसत नव्हतें. वरचें प्लॅस्टिक अखंड होतें, आंतलें तांबें तुटलेलें. पत्र्याला पाडलेल्या भोंकाची कड मीं घासून गुळगुळीत केली नव्हती, आणि आंतून वायरीला गांठ मारावयाची राहून गेली होती. दोन वर्षें घरांतला जो तो उभ्याउभ्याच तो माइक स्वतःकडे ओढी, दोन शब्द बोले आणि टाकून देई. प्रत्येक ओढीबरोबर तांब्याचा एकेक केंस तुटत गेला, आणि गेल्या शुक्रवारीं शेवटचा तुटला. दोष ऐकणाराकडे नव्हता, मधल्या यंत्राकडेहि नव्हता. तो बोलणारांच्या टोकाला होता.

मीं वायर दोन इंच कापून टाकली, भोंकांत रबरी कडें बसविलें, आंतून गांठ मारली आणि नवा डाग दिला. तो डाग निवतो न निवतो तोंच डब्यांतून कानठळ्या बसविणारी शिट्टी निघाली! आईनें टोकाला नेऊन ठेवलेलें बटण तसेंच होतें. स्पीकरचा आवाज माइकमध्यें, माइकचा पुन्हां स्पीकरमध्यें, असें तें चक्र फिरूं लागलें. रवळनाथाच्या देवळापुढें उत्सवाचे कर्णे लावतांना हा अनुभव आम्हां सर्वांना आहे. मी गडबडीनें बटण शोधूं लागलों, तों मागून आवाज आला, ‘अरे, शिट्टी कसली वाजते?’

आई बाजेवर उठून बसली होती.

मीं बटण निम्म्यावर आणलें, हेडफोन तिच्या कानांवर ठेवला, आणि माइक हातांत घेतला. पण काय बोलावें तें सुचेना. मग नुसतें ‘आई’ म्हणालों. तिनें दोन्ही हातांनीं हेडफोन घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले. ‘डबा मोडला होता होय?’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, माझंच संपलं.’

‘मग सांगितलं कां नाहींस?’

‘काय सांगायचं? तुम्ही सगळे किती धांवपळींत असतां. कानांचं काय, आज ना उद्यां जायचेच.’

आतां सोमवारची बातमी सांगणें भाग होतें. ह्या वेळीं मी तिच्याजवळ बाजेवर बसलों, माइक ओढला नाहीं, आणि सावकाश सारें सांगितलें. आज मी मावशीला पाहून आलों, ती बसून बोलते, धोका टळला, हेंहि सांगितलें. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, ‘काल सकाळीं तूं हेंच सांगत होतास ना? मी काय म्हणालें रे तेव्हां?’

‘तूं म्हणालीस, ती बरी होईल,’ मीं सांगितलें. आयुष्यभर अचूक मापाचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरनें दिलेलें तें खोटें उत्तर मला अजून बोचत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बेळगांवला फोन लावला आणि डब्याचा माइक फोनच्या तोंडाशीं धरला. पलीकडून मावशीची ‘ताई’ अशी हांक आली. त्यानंतर दोघी बहिणी पाऊण तास बोलत होत्या. माझा हात अवघडून गेला. पण मीं तो हलविला नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरांत एक नियम झाला आहे. तो मीं केलेला नाहीं. नातवानें केला आहे. तो रोज सकाळीं शाळेला जाण्यापूर्वीं पणजीपाशीं बसतो, माइक हातांत घेतो, आणि डब्याची परीक्षा म्हणून गंभीरपणें विचारतो, ‘पणजी, तुला वाघ हवा का?’

‘नको रे बाबा,’ आई म्हणते. आणि मग दोघांचें बोलणें सुरू होतें.